आरंभ-सूचनांची नोंद कशी असावी

आमच्या संस्थेच्या उधन्यातील अभ्यासिकेत आठ जुने संगणक आहेत. एका कापडपेढीने ते दिले. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, तेव्हा पेढीस ते टाकाऊ वाटले. आम्हांस वाटले नाहीत. लिनक्स ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टिम त्यांवर बसवावी आणि लिंबायत-डिंडोलीकडील मुलांना अभ्यासाकरिता व शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याकरिता ते खुले करावेत, असे ठरले. त्या कामी जे अडले ते एका शब्दापाशी अडले. तसा शब्द लिहून ठेवावयाचा तर कसा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

संगणकाची कळ दाबली की पडद्यावर चित्र उमटेपर्यंत आत बरेच काही घडते. यंत्रात कायमची बसविलेली छोटी आज्ञावली प्रथम जागी होते. ती ग्रब नावाच्या भारवाहकाला उठवते. ग्रब हा कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, स्मरणात आणून ठेवतो आणि निघताना त्याच्या हाती एका ओळीची चिठ्ठी देतो. मागावर नवे बीम चढले की मुकादम कारागिराला चिठ्ठी देतो, पिक किती, बाण्याला सूत कोणते, तसाच हा प्रकार. मात्र येथे कर्नल मुकादमाला उलट प्रश्न विचारू शकत नाही. चिठ्ठीत जे असेल त्यावरच त्याने काम सुरू करावयाचे. ह्या चिठ्ठीतील शब्दांना बूट पॅरामीटर म्हणतात. आम्ही आपल्या सोयीसाठी आरंभ-सूचना म्हणतो. मूळ माल कोणत्या डिस्कवर आहे, स्मरण किती वापरावे, सुरू होताना बडबड करावी की गप्प राहावे, असे नाना विषय त्यांत येतात.

आमच्या आठांपैकी दोन यंत्रे सुरू होत, पंखा फिरे, आणि पडदा काळा राही. दुरुस्तीवाल्याने दोन्ही भंगारात काढण्याचा सल्ला दिला. अर्जांची मुदत तोंडावर आली होती. आमच्यातील एका महाविद्यालयीन मुलास ठाऊक होते की, अशा वेळी ग्रबच्या यादीवर ‘ई’ कळ दाबावी, ‘लिनक्स’ने आरंभ होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडावा आणि एफ-१० दाबावे. त्याने तसे केले. पडदा काळाच.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी कळले की, शब्दातील मधला ‘ई’ लिहावयाचा राहिला होता! आता वाचक म्हणतील, चुकीचा शब्द दिला तर यंत्राने तसे सांगू नये काय? येथेच गंमत आहे. कर्नलला न कळणारा शब्द तो चूक समजत नाही. हा निरोप आपल्यासाठी नसून आपण पुढे ज्या पहिल्या प्रोग्रामला उठविणार आहोत त्याच्यासाठी असावा, असे धरून तो शब्द मुकाट्याने पुढे देतो. २०२१ च्या ५.१४ ह्या आवृत्तीपासून अशा अनोळखी शब्दांची नोंद तो संदेशांत करतो, हे खरे. पण बहुतेकांच्या चिठ्ठीत ‘क्वाएट’ म्हणजे ‘गप्प राहा’ अशीही सूचना असते, त्यामुळे तो संदेश पडद्यावर येत नाही. आणि पडदाच काळा असता वाचणार कोण?

शब्द नीट लिहिताच चित्र आले. मुले आनंदली, अर्ज वेळेत गेले. परंतु ग्रबमध्ये असा हाताने लिहिलेला शब्द त्या एका वेळेपुरताच टिकतो. म्हणून त्या मुलाने तो कायमचा लिहून टाकला, आणि उगाच पुढे अडचण नको म्हणून आठही यंत्रांत लिहिला. काही दिवसांनी तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला. इकडे निरोगी सहा यंत्रांवर चलतचित्रे अडखळू लागली, चित्रकलेचा प्रोग्राम रेंगाळू लागला. हा शब्द तेथे का आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. आणि कारण ठाऊक नाही म्हणून काढण्याचे धाडसही कोणी करीना. नोंदवहीत त्याने लिहिले होते, “काळा पडदा : नोमोडसेट”. खोटे त्यात काही नव्हते. पण एवढेच होते.

अधिकृत नोंदीचे काय, तर लिनक्सबरोबर आरंभ-सूचनांची एक मोठी यादी येते. काही हजार ओळींची, इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेली. सूचना कोणत्या जातीच्या यंत्रास लागू, हे प्रत्येक नोंदीपाशी कंसातील खुणेने दाखविण्याची त्यात पद्धत आहे. अशा ह्या यादीत ‘नोमोडसेट’ कित्येक वर्षे नव्हताच! जगभर लोक एकमेकांस हा उपाय सांगत होते, पण ज्या ग्रंथात तो असावयाचा तेथे जागा रिकामी. २०२१ च्या अखेरीस ती नोंद लिहिली गेली आणि मार्च २०२२ च्या ५.१७ आवृत्तीबरोबर बाहेर पडली. तिचा आशय असा की, ह्या सूचनेने चित्रपत्रिकेचे खास चालक पडद्याची मांडणी बदलत नाहीत व चित्रे वेगाने काढण्याचे कामही करीत नाहीत. यंत्राच्या मूळ आज्ञावलीने पडदा जसा लावून दिला असेल तेवढाच वापरता येतो. आणि शेवटी एक वाक्य : अडल्यावेळचा पर्याय म्हणून अथवा तपासणीसाठी उपयोगी. आमच्या मते साऱ्या नोंदीत हेच वाक्य मोलाचे आहे. ते आमच्या वहीत असते तर सहा यंत्रे विनाकारण मंदावली नसती.

अशा जागा रिकाम्या का राहतात? सूचना कर्नलच्या मजकुरात एके ठिकाणी घडते आणि तिची नोंद दुसऱ्या ठिकाणी, निराळ्या हाताने करावी लागते. ज्याने ती घडविली त्याला तिचा अर्थ इतका उघड वाटतो की लिहावेसे वाटत नाही. लिहिले तरी तो ‘काय’ लिहितो. ‘केव्हा’ आणि ‘कोठवर’ हे राहून जाते. ‘मेम’ ही सूचना घ्या. स्मरणाची मर्यादा तीत लिहितात. ५१२ ह्या आकड्यापुढे ‘एम’ लिहिला तर मेगाबाइट; नुसतेच ५१२ लिहिले तर तितके बाइट, आणि एवढ्यात कोणतेही यंत्र उठत नाही. ज्याला हे माहीत आहे त्याला ते सांगण्याजोगे वाटत नाही.

ह्या यादीत दुरुस्ती सुचविण्यास कोणासही मज्जाव नाही, फी नाही. बदल आपल्या नावानिशी पाठवावा लागतो इतकेच. लिनक्सच्या दस्तऐवजांचे काही भाग चिनी, जपानी, कोरियन, इटालियन व स्पॅनिश भाषांत झाले आहेत. मराठीत ते काम मोठे आहे, आणि आम्ही तेवढे अंगावर घेतलेले नाही. आमच्या यंत्रांना लागणाऱ्या सूचनाच वहीत मराठीत उतरवीत आहोत. शब्द तेवढा रोमन अक्षरांत ठेवतो, कारण तेथे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर काय होते ते पाहिलेच. नावातील आडवी रेघ आणि खालची रेघ मात्र कर्नल एकच मानतो. लहान-मोठ्या अक्षरांबाबत तेवढी सूट नाही.

प्रत्येक शब्दापुढे आता तो काय करतो, कोणत्या यंत्रात घातला, कोणत्या दिवशी, त्याने काय बिघडते आणि केव्हा काढावा, हे लिहितो. शब्द खरोखर लागू झाला की नाही हे पाहण्याचा उपायही लिहिला आहे : यंत्र चालू झाल्यावर ‘प्रॉक’ कप्प्यातील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल उघडावी, चिठ्ठी जशीच्या तशी दिसते, आणि ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की दडलेले संदेशही वाचावयास मिळतात. एका रविवारी सहा यंत्रांतून ‘नोमोडसेट’ काढला. सहाही नीट उठली. राहिलेल्या दोहोंपुढे ‘चित्रपत्रिका बदलल्यास काढून पाहावा’ असे लिहून खाली तारीख घातली आहे.