मतदाराचं मन (लेखांक ५) : चारशे पार आणि दीड हजार

गेल्या आठवड्यात जाहीरनामा कसा लिहिला जातो ते पाहिलं. तो वाचतं कोण? पत्रकार, विरोधी पक्षाचे प्रवक्ते आणि छापखान्यातला मुद्रितशोधक.

यात मतदाराचा अडाणीपणा शोधू नये. अँथनी डाऊन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्येच याचा उलगडा केला होता. फ्रिज घेताना माणूस चार दुकानं फिरतो, कारण चुकलं तर भुर्दंड त्यालाच बसतो. एका मताने सरकार बदलत नाही, मग रात्र जागून जाहीरनाम्यातलं सिंचनाचं प्रकरण वाचायचं कशाला? तो हाताशी येईल ती खूण धरतो.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये अशा खुणा दोनदा चालल्या, त्याही उलटसुलट. लोकसभेला भाजपने ‘चारशे पार’चा नारा दिला. चारशे कशासाठी, हे नाऱ्यात नव्हतं. ती रिकामी जागा विरोधकांनी भरली : संविधान बदलण्यासाठी! कर्नाटकातले भाजप खासदार अनंतकुमार हेगडे तसं जाहीरपणे बोलून बसलेच होते. पक्षाने हात झटकले, पंतप्रधानांनी सभांमधून खुलासे केले. जाहीरनाम्यात तर तसं अवाक्षरही नव्हतं. पण ‘बाबासाहेबांचं संविधान धोक्यात’ हे वस्तीवस्तीत पोचलं होतं आणि खुलासा मागून धापा टाकत येत होता. कांद्याच्या भावाचा राग होता, पक्षांच्या फोडाफोडीचा राग होता, हेही खरंच. ४८ पैकी महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या, महायुतीला १७.

मग आली ‘लाडकी बहीण’. माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात हुशार नारा हाच, कारण तो नारा वाटतच नव्हता. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईला महिना दीड हजार. हमीपत्र भरा, अंगणवाडीताईंना विचारा, खात्याला आधार जोडलंय का ते बँकेत जाऊन बघा. रक्षाबंधनाच्या सुमारास दोन हप्ते एकदम जमा झाले, मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. प्रचाराचं पत्रक याहून छोटं काय असणार? ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसेही आचारसंहितेआधीच पडले. आघाडीने ‘महालक्ष्मी’ योजनेत तीन हजार, म्हणजे थेट दुप्पट, कबूल केले. पण ते कागदावर होते, दीड हजार पासबुकात.

त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात क्विंटलला त्याहून कमी मिळत होते. हिशेब मांडला तर काही घरांत सोयाबीनमधला तोटा बहिणीच्या हप्त्यांहून मोठा निघेल. पण त्या तोट्याला कोणी नावच दिलं नाही. विधानसभेचा निकाल लागला : भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१.

तरी सोपं म्हणजे हमखास विजय, असं नाही. २००४ चं ‘इंडिया शायनिंग’ आठवा. दोनच शब्द, चकचकीत जाहिराती, आणि वाजपेयी सरकार गेलं. ती चमक ज्यांच्या दाराशी पोचली नव्हती, त्यांना जाहिरात म्हणजे टोमणाच वाटला असणार. नारा मतदार वाचत नाही, आपल्या घराशी ताडून बघतो. सोयाबीनच्या भावाचा मात्र असा ताळा कोणी घालून दिला नाही, आणि आघाडीचा मोठा नाकर्तेपणा मला इथेच दिसतो.

पुढच्या लेखांकाआधी एक करा : तुम्ही ज्यांना मत दिलंत त्यांचा २०२४ चा जाहीरनामा मिळवा आणि त्यातलं शेतमालाचं पान वाचून ठेवा. आपल्याला तिथूनच पुढे जायचं आहे.