ऐकू येतं, पण कळत नाही

कार्यालयात बैठक सुरू आहे. कोणीतरी काही बोलतं, सगळे हसतात. कोपऱ्यातला कर्णबधिर कारकून शेजाऱ्याकडे पाहतो. ‘काही नाही रे, नंतर सांगतो,’ असं उत्तर मिळतं. ते ‘नंतर’ बहुधा येतच नाही. गमतीचं एक वेळ ठीक. पण त्याच बैठकीत कामाची तारीख बदललेली असते आणि चूक मात्र त्याच्या नावावर जमा होते.

‘श्रवणयंत्र लावलंय ना, मग?’ हा सहकाऱ्यांचा ठरलेला प्रश्न. चष्मा लावला की स्वच्छ दिसतं, तसं यंत्राचं नाही. ते बोलण्याबरोबर पंख्याची घरघर आणि खुर्च्यांचा खरखराटही मोठा करतं. वयोमानाने किंवा कारखान्यातल्या गोंगाटाने कान जातात, तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र पोहोचतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ त्याच्या कानाशी ओरडून उपयोग नसतो. ओरडताना स्वरच मोठे होतात आणि ओठांचे आकारही बिघडतात.

ओठांवरून तरी किती कळणार? आरशासमोर आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणून पाहा. तिन्ही सारखेच दिसतात. क, ग तर तोंडात मागेच उच्चारले जातात. उरलेलं सगळं संदर्भावरून ताडायचं, तेही दिवसभर. संध्याकाळी अशी व्यक्ती थकून जाते, त्याला ‘तुटक स्वभाव’ म्हटलं जातं.

बोलण्याआधी हात हलवून लक्ष वेधावं, खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, एका वेळी एकानेच बोलावं. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलावेत. बैठकीचे विषय आधी आणि निर्णय त्याच दिवशी लिहून द्यावेत. बोललेलं मोबाइलवर लगेच अक्षरांत दाखवणारी अ‍ॅप आता मराठीतही चालतात. नावं आणि आकडे तेवढे तपासून घ्यावेत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि तिला स्वतःचं व्याकरण आहे. त्यांच्यासाठी लांबलचक परिपत्रक हा उपाय नव्हे. महत्त्वाच्या बैठकीला दुभाषी हवा, त्याचा खर्च कार्यालयाने करावा.

दोन्ही कानांची श्रवणक्षमता 60 डेसिबल किंवा अधिक घटली, तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ती व्यक्ती येते. सरकारी आस्थापनांनी आवश्यक त्या सोयी द्याव्यात, असं हा कायदा सांगतो. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. हे माहीत नसल्याने कित्येक जण नोकरीच्या धास्तीने बहिरेपण वर्षानुवर्षं लपवतात, तपासणीही टाळतात. खासगी नोकरीत ती धास्ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेक इमारतींत राहूनच जाते. आगीचा भोंगा वाजतो, मजला रिकामा होतो. स्वच्छतागृहात किंवा दप्तरखान्यात एकट्या असलेल्या कर्णबधिर कर्मचाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. तिथे भोंग्याला जोडलेला लुकलुकणारा दिवा लागतो आणि त्याला शोधून बाहेर आणण्याची जबाबदारी एका सहकाऱ्याकडे नावानिशी दिलेली असावी लागते.