क्रेटात न मावणारी पिकं

संकष्टीला जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरून आलेला भाविक उपवासाचं खायला मागवतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात निम्मा देश येऊन बसतो. साबुदाण्याचं मोठं केंद्र म्हणजे तमिळनाडूतलं सेलम. बटाटा आंबेगावच्याच सातगाव पठारावरचा असू शकतो, पण त्याचं बेणं पंजाबातून मंचरच्या बाजारात आलेलं असतं. भगरीसाठी नाशिकच्या गिरण्या प्रसिद्ध आहेत, आणि त्यांना लागणारी वरई परराज्यांतूनही येते. गंमत अशी, की याच लेण्याद्रीवरून पश्चिमेला नाणेघाटाकडे निघालं, किंवा खाली आंबेगावात भीमाशंकरच्या डोंगरात शिरलं, की उतारांवर वरई उभी दिसते. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं ती पिढ्यान्‌पिढ्या पेरत आली आहेत. त्यांच्या घरी ती उपवासाची वाट पाहत नाही, रोजच्या जेवणात असते. डोंगरातल्या वरईची आणि पायथ्याच्या थाळीची गाठ मात्र क्वचितच पडते.

शाश्वत शेतीची चर्चा आपल्याकडे बहुधा खतापासून सुरू होते आणि खतापाशीच संपते. युरिया टाकला की नाही, फवारणी काय केली, प्रमाणपत्र आहे का. हे प्रश्न खोटे नाहीत. पण जुन्नर-आंबेगावकडे पाहताना मला आधी दुसराच प्रश्न पडतो: शेतात किती प्रकारची पिकं उभी आहेत आणि ती कुणाच्या सांगण्यावरून?

दोन तालुक्यांचा हा पट्टा तसा फार लांब नाही, पण पाऊस त्याला उभा चिरतो. पश्चिमेला घाटमाथ्यावर धो धो पाऊस, तर जुन्नरच्या पूर्व टोकाला आणे पठारावर पाण्याची ओरड. मधल्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाचं पाणी. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे या पाच धरणांनी हा मधला भाग बागायती केला. द्राक्षं, ऊस, कांदा, टोमॅटो. पैसा आला, बंगले आले, मुलं शिकली. याला नाकं मुरडण्याचं मला काही कारण दिसत नाही.

नारायणगावचा टोमॅटो बाजार एकदा उभं राहून पाहण्यासारखा आहे. पिकअप गाड्यांतून प्लॅस्टिकचे क्रेट उतरतात, एकात वीस किलो माल. व्यापारी वरचे चार टोमॅटो उचलतो, अंगठ्याने दाबतो, एखादा क्रेट तळापर्यंत उकरतो. रंग सारखा हवा, आकार सारखा हवा, साल जाड हवी, कारण माल लांबच्या शहरांत न पिचता पोचायचा आहे. चव हा त्या सौद्यातला मुद्दाच नसतो. वाण कोणता लावायचा हे त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावर ठरत नाही, क्रेटात ठरतं.

एकच पीक, एकाच तऱ्हेचे वाण, एकाच वेळी हजारो एकरांवर, याचे चटके बसतातच. २०२०च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, साताऱ्याकडे टोमॅटोवर पिवळे-हिरवे चट्टे पडले आणि फळ आतून कडक झालं. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. तपासलेल्या नमुन्यांत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. बाजाराचा झटका रोगाहून कमी नसतो. जुलै २०२३मध्ये नारायणगावात क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव मिळाला, करोडपती झालेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या झळकल्या. दोन महिन्यांत राज्यभर भाव असे कोसळले, की तोडणीची मजुरी निघेना. या बातमीला अर्थातच पहिल्या पानावर जागा मिळाली नाही.

उसाबद्दल एवढंच, की बिबट्याला तो शेत वाटत नाही, रान वाटतं. जुन्नरच्या बिबट्यांचा प्रश्न आपण वनखात्याचा समजतो. तो पीकरचनेचाही आहे.

आता पश्चिमेला चला. इथली शेती क्रेटात बसत नाही. खाचरांत भात, त्यासाठी आधी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, मग रोपं, मग चिखलात आवणी. वरच्या उतारांवर पहिल्या वर्षी नाचणी, पुढे वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर जमीन काही वर्षं पडीक सोडायची. खुरासणीचं तेल घरात. पावसाळ्यात कुरडू, भारंगी, चाई, टाकळा रानातून. उन्हाळ्याच्या तोंडाला बाळहिरडा गोळा करून वाळवायचा, कारण हातात रोकडा देणारं तेच एक. म्हणून ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडं पडली, तेव्हा इथली कुटुंबं झाडांची भरपाई मागत वर्षानुवर्षं झगडली. सात-बाऱ्यावर पीक नसलं की नुकसानही कागदावर येत नाही.

या डोंगरात जमीन मुळात तयार करावी लागते. त्याला पडकई म्हणतात. शेतं उतरणीला, म्हणून दगडांची ताल रचायची, माती अडवायची, एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने राबायचं आणि एकेक भातखाचर उभं करायचं. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याला नाव राहिलं, कचेरी घोडेगावात आहे. उरलेल्या जमिनीवर जगायचं कसं, या प्रश्नावर आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने इथल्या आदिवासींबरोबर काम केलं. पडकई, जलाशयाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवरची पिकं, जलाशयातली सहकारी मासेमारी. २०१२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक या कामाला मिळालं. शासनानेही पडकईची योजना केली.

मग ३० जुलै २०१४ची पहाट आली. आंबेगावातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं मेली. कारणांवर बराच वाद झाला. अतिवृष्टी होतीच. पण डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवलं गेलं आणि पडकई हे नावच आरोपीच्या पिंजऱ्यात गेलं. हातांनी दगडावर दगड ठेवत केलेली ताल आणि जेसीबीने एका दिवसात कापलेला उतार, या दोन्हींना सरकारी कागदावर एकच नाव असू शकतं. मला वाटतं, शाश्वत शेतीच्या बहुतेक योजनांचं दुखणं इथे आहे. पद्धत उचलली जाते, तिचा वेग आणि तिची माणसं मागे राहतात.

प्रमाणपत्राचंही तसंच. सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१पासून आहे. निर्यातीसाठी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी, हंगामी पिकांना साधारण दोन वर्षांचा, बहुवार्षिकांना तीन वर्षांचा रूपांतर काळ. छोट्या शेतकऱ्यांसाठी एकमेकांनी एकमेकांची हमी घेण्याची सहभाग हमी पद्धत आली. २०१५मध्ये परंपरागत कृषी विकास योजना आली आणि शेतकऱ्यांचे गट तयार झाले. कागद सांभाळू शकणारा बागायतदार यात टिकतो. वरईच्या उतारावर रासायनिक खत जवळजवळ जातच नाही, पण ती ‘सेंद्रिय’ ठरत नाही, कारण तसं लिहून द्यायला कुणी गेलेलं नाही. पुण्याच्या सोसायटीत सेंद्रिय म्हणून येणाऱ्या टोपलीत पुन्हा टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरचीच असते. विष कमी झालं, हे चांगलंच. पिकं तेवढीच राहिली.

व्यापाराने शेत घडवणं ही या खोऱ्यात नवी गोष्ट नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखांत करंज, वड, आंबा यांच्यासाठी निवर्तनांत मोजलेल्या जमिनी लावून दिल्या आहेत. घाटाखालची बंदरं आणि घाटावरचं धान्य यांच्यामधला हा बाजार दोन हजार वर्षांचा आहे. त्या व्यापाऱ्यांच्या पोत्यांत काय काय होतं, ते मात्र त्यांनी दगडावर कोरून ठेवलं नाही.

२०२०मध्ये राज्य सरकारने ‘विकेल ते पिकेल’ अशी घोषणा केली. नारायणगाव ती कधीचंच पाळत होतं. पण डोंगरातलं बियाणं टिकलं ते उलट कारणाने: विकलं जात नसूनही खाल्लं जात होतं म्हणून. शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ‘बायफ’ या संस्थेने तिथे बियाणे बँका उभ्या करायला हात दिला. मात्र बँकेतलं बियाणं शेतात उतरायला घरातलं ताट लागतं, आणि ते ताट बदलत चाललं आहे. रेशनचा तांदूळ-गहू मिळतो, तेव्हा उखळात वरई सडत बसायला कोण तयार होईल? वरईचं टरफल चिवट. सडणं, पाखडणं, पुन्हा सडणं, आणि हे सगळं बाईच्या खांद्यावर. वरई मागे पडली तर त्याला आळशीपणा म्हणणाऱ्याने आधी पायलीभर सडून पाहावी.

म्हणून मला पहिली गरज दिसते ती टरफल काढणाऱ्या छोट्या यंत्रांची. दोन-चार गावांमागे एक, बायकांच्या गटाच्या हातात. दुसरी गरज गिऱ्हाइकाची. नाचणीला केंद्राचा हमीभाव आहे, २०२४-२५साठी क्विंटलला ४,२९० रुपये. वरई त्या यादीतच नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तरी ती यादीत आली नाही. ओडिशाने २०१७पासून भरडधान्य अभियान चालवलं, हमीभावाने नाचणी खरेदी केली आणि केओंझारच्या अंगणवाड्यांत नाचणीचे लाडू दिले. पीक, खरेदी आणि खाणारी मुलं, तिन्ही एकाच राज्यात जोडली.

आपल्याकडे घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. त्याच्या आश्रमशाळांत याच डोंगरांतली मुलं राहतात आणि जेवतात. त्यांच्या आहाराच्या निविदेत आठवड्यातून दोन दिवस स्थानिक वरई आणि नाचणी घालायची, ती गटांकडून घ्यायची आणि दाणा सारखा नसला तरी चालेल असं स्पष्ट लिहायचं. अडचण शेवटच्या अटीची आहे. पुरवठादाराला ‘एकसारखा माल’ हवा असतो, आणि खात्यालाही तोच मोजायला सोपा जातो.