राज्याचे वय आणि लोकांचे वय

डिसेंबर उजाडला की दुबई-शारजातल्या भारतीय शाळांमध्ये मराठी घरांतली मुलेही पांढरा कंदुरा घालून, गळ्यात चौरंगी पट्टा अडकवून 'ईशी बिलादी' हे इथले राष्ट्रगीत म्हणायला उभी राहतात. त्याच आठवड्यात मोठ्यांच्या गप्पांत एक मत हमखास ऐकू येते: संयुक्त अरब अमिराती हा देश 1971 चा, त्याला कसला इतिहास आणि कसली परंपरा, तेल सापडले, पैसा आला आणि मग एक ससाणा, एक झेंडा, एक नाच असे सगळे ठरवून टाकले. या मतात खोडसाळपणा नसतो, पण ते चुकीचे आहे, आणि त्यातून पुढे अनेक लहान लहान गैरसमज जन्म घेतात. सगळ्यांच्या मुळाशी गल्लत एकच आहे, राज्याचे वय आणि लोकांचे वय यांची. महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 ला अस्तित्वात आले, म्हणून मराठी माणसाचे वय तिथूनच मोजावे असे कोणी म्हणत नाही. 'गर्जा महाराष्ट्र माझा' अधिकृत राज्यगीत झाले 2023 मध्ये. त्याआधी कित्येक दशके ते लोकांच्या तोंडी होतेच. भारतीय नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या मुद्रेचा अष्टकोन आला तो 2022 मध्ये. चिन्हाला मान्यता मिळाल्याची तारीख एक असते आणि ते ज्या ऐवजातून घडले त्याचे वय दुसरे. हा साधा भेद आपण स्वतःच्या बाबतीत न सांगता पाळतो, आणि ज्या देशात पोट भरतो त्याच्या बाबतीत विसरतो.

सुरुवात 2 डिसेंबरपासूनच करू. त्या दिवशी मराठी गटांमध्ये 'स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा' फिरतात. इथले लोक त्या दिवसाला 'ईद अल इत्तिहाद' म्हणतात, म्हणजे एकीचा सण. फरक शब्दांचा नाही. 15 ऑगस्ट 1947 पूर्वी बहुतांश भारत थेट ब्रिटिश अंमलाखाली होता. इथल्या शेखांच्या राज्यांवर ब्रिटिश राज्यपाल नव्हता. 1892 च्या करारांनी परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण ब्रिटिशांच्या हाती गेले होते, घरचा कारभार मात्र शेखांकडेच होता. तुलना करायचीच तर ब्रिटिश हिंदुस्थानाशी नव्हे, कोल्हापूर किंवा सावंतवाडी संस्थानाशी करावी, आणि तीही पुरती जुळत नाही. जानेवारी 1968 मध्ये ब्रिटिशांनी आखातातून निघून जाण्याचे जाहीर केले, फेब्रुवारीत अबू धाबीचे शेख झायेद आणि दुबईचे शेख राशिद वाळवंटात भेटले आणि एकत्र येण्याचे ठरले. बोलणी नऊ राज्यांची होती. बहरीन आणि कतार वेगळे झाले. 2 डिसेंबर 1971 ला दुबईत संघराज्य जाहीर झाले तेव्हा त्यात सात नव्हे, सहा अमिराती होत्या. सातवी, रास अल खैमा, 10 फेब्रुवारी 1972 ला आली. बिऱ्हाडे निरनिराळी असलेल्या घराण्यांनी वाटाघाटी करून एक घर बांधले, हे त्या दिवसाचे खरे महत्त्व आहे, आणि 'स्वातंत्र्यदिन' म्हटले की नेमके तेच झाकले जाते.

'तेलाआधी नुसती वाळू' हा गैरसमज जास्त चिवट आहे. अबू धाबीच्या समुद्रात तेल सापडले 1958 मध्ये, पहिली निर्यात झाली 1962 मध्ये. दुबईला तेल लागले ते 1966 मध्ये. त्याआधीचे काय? अल ऐनजवळच्या हिलीची दगडी थडगी साडेचार-चार हजार वर्षांपूर्वीची आहेत. तिथे 'फलज' नावाचे पाट आहेत, जमिनीखालून उताराने पाणी आणून खजुराच्या बागा भिजवणारे. सगळ्यात जुने सुमारे तीन हजार वर्षांचे. अल ऐनची ही स्थळे 2011 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. यावर एक आक्षेप रास्त आहे: जुनी थडगी सापडली म्हणून आजचे लोक त्यांचेच वारस ठरत नाहीत. मान्य. हडप्पाची वीटही कोणा एकाची वडिलोपार्जित नाही. म्हणून थडगी बाजूला ठेवू आणि जे खंड न पडता चालत आले तेच पाहू: खजूर, फलज, मोती आणि समुद्र. त्यातला मोती थेट मुंबईत येत असे. उन्हाळ्याचे चार महिने शेकडो नावा मोत्यांच्या पट्ट्यावर असत, माणूस दोरीला दगड बांधून तळाशी जाई, आणि निघालेला माल मुंबईच्या बाजारात निवडला, विंधला आणि जगभर विकला जाई. नावेच्या प्रमुखाला इथे 'नौखुदा' म्हणतात. आपल्या कोळ्यांचा 'नाखवा' हा त्याच फार्सी शब्दाचा सख्खा भाऊ. जपानी कृत्रिम पैदाशीचे मोती आणि 1929 नंतरची जागतिक मंदी यांनी हा धंदा बुडवला. तेलाआधीच्या ज्या दारिद्र्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्या बऱ्याच अंशी एका भरभराटलेल्या व्यापाराच्या पडझडीच्या आहेत, अनादी काळच्या ओसाडीच्या नव्हेत. आणि हे नाते फक्त मोत्यांचे नव्हते. दुबईत 1909 मध्ये उघडलेले टपाल कार्यालय भारतीय टपाल खात्याचे होते. 1966 च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होईपर्यंत इथल्या बाजारात रुपयाच चालत होता, आणि 1959 पासून तर रिझर्व्ह बँक खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. दिरहम आला 1973 मध्ये. इथल्या जुन्या माणसाच्या बोलीत पैशाला आजही 'बेझात' म्हणतात. त्यातला 'पैसा' ऐकू यायला कान फार तीक्ष्ण लागत नाही.

आता झेंडा. त्याचे चार रंग 'इस्लामी' आहेत असे सरसकट सांगितले जाते. लाल, हिरवा, पांढरा आणि काळा हे अरब एकीचे रंग आहेत. 1916 च्या अरब उठावाच्या निशाणापासून ते अनेक अरब देशांच्या झेंड्यांत आले, आणि इराकच्या हिल्ला गावचा मध्ययुगीन कवी सफी अद्दीन अल हिल्ली याच्या एका कडव्यात हे चारही एकत्र येतात. इथला आराखडा केला तो अब्दुल्ला मोहम्मद अल मैना या एकोणीस वर्षांच्या तरुणाने, 'अल इत्तिहाद' या वर्तमानपत्रात आलेली स्पर्धेची जाहिरात वाचून. पण दुबई, शारजा, अजमान यांचे स्वतःचे लाल-पांढरे झेंडेही आहेत, आणि ते कुठून आले हे मराठी वाचकाने मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. 1818 मध्ये पेशवाई संपली. फेब्रुवारी 1819 मध्ये मुंबई सरकारच्या फौजेने सर विल्यम ग्रँट कीर या सेनानीच्या हाताखाली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ल्याजवळचा रेडीचा किल्ला घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस तोच कीर मुंबईहून आरमार घेऊन आखातात गेला आणि त्याने रास अल खैमा पाडले. जानेवारी 1820 मध्ये तिथल्या शेखांनी ज्या तहावर सह्या केल्या, त्याच्या एका कलमाने त्यांच्या जहाजांना पांढऱ्या काठाचे लाल निशाण लावणे बंधनकारक केले. लाल रंग त्यांचा आधीपासूनचा. पांढरा काठ तहाचा. पराभवाच्या अटीतून आलेली ती खूण पुढे त्यांनी आपलीशी केली आणि आज ती अभिमानाने फडकते.

याच तहाच्या आधीच्या काळात ब्रिटिश कागदपत्रांत या किनाऱ्याला 'चाच्यांचा किनारा' म्हटले गेले, आणि इंग्रजीतून शिकणारी आपली मुले तो शब्द जसाच्या तसा उचलतात. हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो आपल्याला तरी व्हायला नको. ज्या ईस्ट इंडिया कंपनीने कान्होजी आंग्र्यांना चाचा ठरवले, सावंतांना चाचे ठरवले, तिनेच या किनाऱ्यावरच्या कासिमी घराण्यालाही ठरवले. आंग्रे आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडून दस्तक मागत. कंपनीच्या लेखी ती लूट होती, मराठ्यांच्या लेखी तो सार्वभौम हक्क. आज मुंबईतला नौदलाचा तळ 'आयएनएस आंग्रे' म्हणून ओळखला जातो. मग तोच न्याय आखाताला का नको? शारजाचे शासक शेख सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुंबईच्याच दफ्तरखान्यातली कागदपत्रे तपासून मांडले की चाचेगिरीचा आरोप कंपनीने व्यापार बळकावण्यासाठी वापरला. कोणी म्हणेल, लेखक त्याच घराण्याचा, तो दुसरे काय लिहिणार? शंका योग्य आहे, आणि तिथल्या जहाजांनी हल्ले केलेच नाहीत असेही म्हणता येणार नाही. पण मग कंपनीच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली टिपणेही पक्षकाराचीच साक्ष मानावी लागते. पक्षकाराची साक्ष तपासून घ्यायची असते. एका पक्षाची तपासायची आणि दुसऱ्याची पाठ करायची, हा इतिहासाचा अभ्यास नव्हे.

आता ससाणा. त्याच्याकडे शौक म्हणून पाहिले जाते, श्रीमंत शेखांचा महागडा छंद. आज तो महाग आहेच. पण वाळवंटातल्या भटक्या बदावींसाठी तो मांस मिळवण्याचे साधन होता: शरद ऋतूत स्थलांतर करून येणारा ससाणा पकडायचा, काही आठवड्यांत माणसाळवायचा, हिवाळाभर त्याच्याकरवी माळढोकाच्या कुळातला हुबारा पक्षी मारायचा आणि वसंतात ससाण्याला परत सोडून द्यायचे. राजचिन्हावर ससाणा 1973 मध्ये आला. तेव्हा त्याच्या छातीवरच्या वर्तुळात एक गलबत होते. 2008 मध्ये ते काढून तिथे झेंडा आणि भोवती सात तारे आले. हा बदल नीटनेटका असेल, पण मला त्यात काही हरवल्यासारखे वाटते. ते गलबत मलबारच्या सागवानाने बांधले जाई, आणि या देशाचा आपल्या किनाऱ्याशी असलेला सगळा व्यवहार त्या एका आकारात होता.

एक शेवटचा आक्षेप राहतो: ही चिन्हे सरकारने निवडली, मग ती लोकांची कशी? निवडली, हे खरेच आहे. राष्ट्रगीताची चाल 1971 ची आणि आरिफ अल शेख यांचे शब्द अधिकृत झाले 1996 मध्ये. पंचवीस वर्षे लोक नुसत्या सुरावर उभे राहिले. पण निवड कुठे होत नाही? शाळेच्या इंग्रजी पुस्तकात स्कॉटलंडचा घागरा, त्यावरचा चौकटींचा कपडा आणि चामडी पिशवीची सनई हे सनातन म्हणून शिकवतात. प्रत्येक घराण्याचे वेगळे चौकट-नक्षीचे कापड ही रीत मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, राजा चौथा जॉर्ज 1822 मध्ये एडिंबराला आला त्या सुमारास पक्की झाली, आणि पिशवीची सनई तर आखातातही 'हब्बान' या नावाने वाजते. म्हणून स्कॉटिश माणूस खोटा ठरत नाही.

आणि जाता जाता झाडाबद्दलचा एक गैरसमज: खजूर हा इथला राष्ट्रीय वृक्ष नाही. तो मान 'गाफ'ला आहे, 2008 पासून. गाफ म्हणजे आपली शमी. पांडवांनी शस्त्रे ठेवली ती, दसऱ्याला पुजली जाणारी, गणपतीला जिची पाने वाहतात ती. मुळे खोल पाण्यापर्यंत जातात म्हणून वाळूत ती उभी राहते. परवानगीशिवाय तिला हात लावायला मनाई आहे. तिच्याच जातकुळीतली, आपण 'वेडी बाभूळ' म्हणतो ती, इथेही रानोमाळ माजली आहे आणि पुष्कळ जण तिलाच गाफ समजतात. ओळखायची खूण काट्यात आहे: वेड्या बाभळीचे लांब काटे पेरापाशी जोडीने येतात, गाफचे आखूड काटे फांदीभर विखुरलेले असतात आणि पान राखाडी झाक असलेले हिरवे असते.