स्नेहाचे मोजमाप

भातुकलीत ठकीला घास भरवणाऱ्या मुलीला ठकी जेवत नाही हे पुरते ठाऊक असते. ठकीच्या वतीने बोलतेही तीच. यंत्रमानवाची गोष्ट निराळी. तो आपण होऊन बोलतो, मुलाला नावाने हाक मारतो, कालचे संभाषण आज आठवून सांगतो. अशा यंत्राशी मुलाचे जे नाते जुळते त्याला खेळ म्हणावे की मैत्री, हा प्रश्न आज मानसशास्त्रज्ञांपुढे उभा आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे तर प्रथम ते नाते मोजता आले पाहिजे.

हे काम दिसते तितके सोपे नाही. 'हा यंत्रमानव तुला आवडतो का?' असे विचारले की लहान मूल सहसा 'हो' म्हणते. त्यात आवड किती आणि वडीलधाऱ्यांचे मन राखणे किती, हे कळत नाही. म्हणून संशोधकांनी आडवळणाच्या रीती योजिल्या. आर्थर ॲरन व त्यांचे सहकारी यांनी 1992 मध्ये प्रौढांसाठी वर्तुळांच्या सात जोड्या काढल्या होत्या. पहिल्या जोडीतील वर्तुळे वेगवेगळी, तर शेवटच्या जोडीतील जवळजवळ एकरूप. आपले नाते जिच्यासारखे वाटेल त्या जोडीवर बोट ठेवावयाचे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जॅकलिन कोरी वेस्टलंड व सिंथिया ब्रेझील यांनी ही रीत बालकांसाठी वापरली आणि तिला इतर कसोट्यांची जोड दिली. यंत्रमानवाने स्वतःविषयी काही सांगितल्यावर मूल आपल्याविषयी किती बोलते? चित्रांची ओळ लावताना ते त्याला कोणाशेजारी ठेवते?

वॉशिंग्टन विद्यापीठातील पीटर कान व त्यांच्या सहकाऱ्यांचा 2012 मधील प्रयोग तर मोठा बोलका आहे. 9, 12 व 15 वर्षांची 90 मुले 'रोबोवी' या यंत्रमानवाबरोबर सुमारे पाव तास रमली. मग संशोधकाने त्याला कपाटात बंद करावयास नेले, तेव्हा तो 'हा अन्याय आहे' म्हणून विनवू लागला. त्याला बोलविणारा माणूस दुसऱ्या खोलीत होता, हे मुलांना ठाऊक नव्हते. पुढे विचारता 54 टक्के मुलांनी त्याला कपाटात टाकणे योग्य नव्हते असे सांगितले. मात्र त्याची खरेदी-विक्री करण्यात बहुतेकांना वावगे वाटले नाही. म्हणजे मुलांच्या लेखी तो ना केवळ वस्तू, ना पुरता जीव.

एका दिवसाचे मोजमापही फसवे ठरते. जपानमधील एका प्राथमिक शाळेत दोन आठवडे यंत्रमानव ठेवले होते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती पडणारा मुलांचा गराडा दुसऱ्या आठवड्यात ओसरलेला आढळला. नवलाई संपल्यावर जे उरते तेच नाते.

हा केवळ विद्वानांचा विषय नव्हे. मुलांचा सोबती म्हणून अमेरिकेत विकला जाणारा 'मॉक्सी' हा यंत्रमानव दूरच्या संगणकांच्या आधारावर बोलत असे. डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या निर्मात्या कंपनीने व्यवसाय बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि आपला मित्र अबोल होणार हे मुलांना कसे सांगावे, असा पेच पालकांपुढे पडला. मुलाचा जीव यंत्रात किती गुंतला आहे, हे यंत्र घरात आणणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही आधी जाणले पाहिजे. यंत्राला निरोपाचे दुःख नसते, मुलाला असते.