शाळूचा मुलूख आणि पुण्याची बिअर

खटाव तालुक्यातलं औंध म्हटलं की यमाईचा डोंगर, भवानी संग्रहालय आणि चित्रकार राजे भवानराव पंतप्रतिनिधी आठवतात. शेतकऱ्याच्या लेखी मात्र हा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, मुलूख. संस्थान विखुरलेलं होतं: राजधानी खटावात, एक तुकडा माणदेशात आटपाडीला, एक कृष्णाखोऱ्यात कुंडलला. खटाव आणि आटपाडीकडचं कोरडवाहू रान परतीच्या पावसावर जगतं. भाद्रपद-आश्विनात पेरायचं आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक काढायचं. मालदांडी, म्हणजे मोहोळला निवडलेलं एम ३५-१ हे वाण, अशा रानात आजही पेरलं जातं. काढणी हाताने, ताटं मुळासकट उपटून. त्या कामाला मजूर मिळत नाहीत, म्हणून अनेकांनी शाळू कमी केला. उरला आहे तो बराचसा कडब्यासाठी.

या धान्याला चांगला भाव देणारं गिऱ्हाईक पुण्यात तयार होऊ शकतं, असं माझं मत आहे. ते गिऱ्हाईक म्हणजे लहान प्रमाणावर बिअर बनवणारे कारखाने.

२००९ साली पुण्यातल्या कोरिंथियन्स क्लबात ‘डुलाली’ सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूअरला हाताशी धरून ती उभी केली. २०१४ मध्ये मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’ आली, त्याच सुमारास मुंबईत ‘व्हाइट आउल’ आणि डोंबिवलीत ‘गेटवे’. पुढे पुण्यात ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’सारखी मंडळी उतरली. ज्यांना बाटलीतली एकच चव ठाऊक होती, त्यांच्यापुढे या लोकांनी गव्हाची बिअर, काळी स्टाउट, कडवट आयपीए ठेवली. आपल्या देशात सर्वाधिक खप आजही ‘स्ट्राँग’चा. ती चवीसाठी कमी आणि चढण्यासाठी जास्त प्यायली जाते. त्या बाजारात पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली, चवीने प्यायची बिअर विकत राहणं सोपं नाही, आणि या मंडळींना त्याचं श्रेय अजून मिळालेलं नाही. बिअरचे मराठी शौकीन बेंगळुरूच्या गोष्टी सांगतात, बेल्जियमच्या आठवणी काढतात. हाताशी असलेल्या पुण्याचं कौतुक मात्र हातचं राखून.

ही बिअर जिवंत असते. बहुतेक ठिकाणी ती पाश्चराइज केलेली नसते, म्हणून काही आठवड्यांतच तिची चव उतरते. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद झाली, तेव्हा टाक्यांमध्ये भरलेली बिअर ओतून देण्याची पाळी आली. मग सरकारने ती ग्रोलरमध्ये, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून घरी नेऊ द्यायला परवानगी दिली. इतक्या नाजूक मालावर धंदा करणारा माणूस धाडसीच म्हटला पाहिजे.

आता ज्वारीचं. बिअरचं मूळ धान्य बार्ली, आपल्याकडे ती मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणात पिकते. तिला कडवटपणा देणारे हॉप्स बहुतेक बाहेरून येतात. ज्वारीपासून बिअर करणं काही नवं नाही. आफ्रिकेत ती परंपरेने होत आली आहे. १९८८ मध्ये नायजेरियाने बार्लीच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारी-मक्याकडे वळावं लागलं, आणि ते वळले. पण काम सोपं नाही. बार्लीतला स्टार्च साधारण ६०-६५ अंशांना फुलतो, ज्वारीतला सत्तरच्या घरात. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवावी लागते. स्टार्चची साखर करणारी विकरं तिच्यात कमी, ती कसर बार्लीच्या मॉल्टने, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीने, भरून काढायची. ज्वारीचा दाणा मळणीत उघडा होतो, त्यामुळे गाळताना लागणारा कोंड्याचा थर तयार होत नाही, चोथा बसतो आणि गाळणी तुंबते. त्यावर उपाय म्हणून भाताचं तूस मिसळतात. एवढा खटाटोप केल्यावर हाती येते ती हलकी, कोरडी, किंचित मातकट गोडीची बिअर. पांढऱ्या शाळूत तांबड्या ज्वारीसारखा तुरटपणाही नसतो. देशातल्या काही लहान ब्रूअरांनी ज्वारी, बाजरी, नाचणी वापरून पाहिली आहे. आता धान्याबरोबर गावाचं नावही पाटीवर यायला हवं.

मधाचं उदाहरण समोर आहे. पुण्यातल्या ‘मूनशाइन मीडरी’ने २०१८ च्या सुमारास मधाची मीड बाजारात आणली. ती बिअर नव्हे, पण घराणं आंबवण्याचंच. इकडे सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. गावाचं नाव लागलं की मधाची ओळख तयार होते. शाळूचीही होईल.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगितली पाहिजे. कारखाना औंधात नको. एक लिटर बिअरमागे मोठ्या कारखान्यातही चार-सहा लिटर पाणी जातं, लहान ठिकाणी त्याहून जास्त. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडीला पोचायला किती वर्षं लागली हे तिथल्या माणसाला विचारा. शिवाय ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून मतदान करून गावातलं दुकान बंद करणाऱ्या बायकांचा राग खरा आहे. दारूने संसार बुडालेले त्यांनी पाहिलेत. त्यांच्या दारात बिअर नेण्याचं कारण नाही. धान्य जावं, पाणी गावातच राहावं, पैसा गावात यावा.

कारखाना इथे नको, पण ब्रूअरसारख्या कारागिराच्या पाठीशी उभं राहणं या मुलखाला नवं नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचं निवडुंगाचं माळरान औंधच्या राजांनीच दिलं. त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

बिअर पिणाऱ्या, कायद्याने वयात बसणाऱ्या वाचकाला एवढीच विनंती: पुढच्या वेळी पुण्यात ग्लास मागवाल तेव्हा ती कोणत्या दिवशी बनली ते विचारा, बनवणाऱ्याचं नाव विचारा, आणि ज्वारीची आहे का तेही विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर ब्रूअर शाळूच्या पोत्यासाठी खटावला फोन करील.