घरच्या गाडीला घरचे पाने

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही. पण दारात मोटार, जीप किंवा पिकअप आली, की तेवढ्यापुरता हा शहाणपणा आपण विसरतो. गाडी घ्यायला सारे घर जाते, रंग पसंत करते, हार घालते, पेढे वाटते. गाडीबरोबर हत्यारे कोणती आली, हे बघायला मात्र डिकी कुणी उघडत नाही. मग बाजाराच्या दिवशी, माल भरलेला असताना, आडरस्त्याला चाक पंक्चर होते आणि तेव्हा कळते, की जॅक आहे तर त्याचा दांडा नाही, आणि पाना आहे तो दुसऱ्याच गाडीचा. माल असेल तर नुकसान पैशांचे. पण रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस गाडीत असेल, तर?

वाचकहो, प्रत्येकाने मेकॅनिक व्हावे असे आमचे म्हणणे नाही. चाक बदलणे, बॅटरीच्या ताराची जोडणी घट्ट करणे, हवेची जाळी साफ करणे, फ्यूज किंवा दिवा बदलणे, ढिला झालेला नट आवळणे, एवढी कामे घरची कर्ती माणसे, मग ती बाई असो की बुवा, सहज करू शकतात. त्यासाठी मोजकीच, पण नेमकी हत्यारे हवीत.

आधी गाडी पाहा, मग दुकान

बाजारात चकचकीत पेट्या मिळतात. झाकण उघडले, की शंभर-सव्वाशे नग ओळीने मांडलेले. मन मोहते. पण मोजून पाहा. त्यातली निम्मी भर बारीक स्क्रूच्या टोकांची आणि आपल्या गाडीला कधी न लागणाऱ्या मापांची असते. चाकाचा पाना त्यात नसतो, हवा मोजायचा गेज नसतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून पेटी घेण्याआधी एक काम करा. एका निवांत सकाळी गाडी अंगणात घ्या आणि बॉनेट उघडा. शेजारच्या मेकॅनिककडून किंवा नातलगाकडून पाने मागून आणा. बॅटरीची जोडणी, हवेच्या जाळीची डबी, चाकाचे नट, ऑइलचा खालचा बोल्ट, नंबर प्लेट, आरसे या प्रत्येक ठिकाणी कोणता पाना नेमका बसतो, ते वहीत लिहा. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला हे काम आनंदाने करता येईल. वहीत सात-आठ मापांपेक्षा जास्त मापे येणार नाहीत. तीच तुमची खरेदीची यादी.

आकड्यांचे गणित

पान्यावर कोरलेला आकडा बोल्टाच्या जाडीचा नसतो. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले ते अंतर असते. ६ मि.मी. जाडीच्या बोल्टाला सहसा १० चा पाना लागतो. ८ मि.मी. जाडीच्या बोल्टाला जपानी पद्धतीच्या गाडीत १२ चा, तर युरोपीय पद्धतीच्या गाडीत १३ चा. म्हणून १९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या जपानी घडणीच्या गाड्यांना १०, १२, १४, १७ हे आकडे जास्त लागतात. इतर पुष्कळ गाड्यांत १०, १३, १७, १९ हे नेहमीचे.

जुन्या विलीज जातीच्या जीपला आणि जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरला मात्र इंची माप लागते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. तिथे १३ चा पाना घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण मध्ये ०.३ मि.मी. फट राहते. नट सैल असेल तर काम निभते. गंजून घट्ट बसलेला असेल, तर पाना घसरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. एकदा कोपरे गेले, की मग छन्नी-हातोडी, नाहीतर वेल्डिंग. दहा मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते. पाऊण इंच मात्र १९.०५ मि.मी. भरते, म्हणून तिथे १९ चा पाना चालून जातो. घरात जुनी जीप आणि नवी मोटार दोन्ही असतील, तर इंची पाने वेगळ्या पिशवीत ठेवा. सरमिसळ झाली, की अंधारात चुकीचा पाना हाती येतोच.

पाना कोणता घ्यावा?

फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा. तो नटाला दोनच बाजूंनी धरतो. जागा अडचणीची असेल तिथे आणि आधीच सैल झालेला नट भराभर फिरवायला हा चांगला. त्याचे तोंड दांड्याशी थोडे तिरपे असते, ते उगीच नव्हे. अडचणीत पाना उलटा करून लावला, की पुढची पकड मिळते.

रिंग पाना नटाला चारी बाजूंनी वेढतो, म्हणून तो सहसा घसरत नाही. घट्ट नट सोडवायचा, तो रिंग पान्याने. सहा कोनांची रिंग गंजक्या नटाला जास्त सुरक्षित. बारा कोनांची रिंग थोड्याशा फिरवण्यात पुढची पकड घेते.

गोटी पाना खोल जागेतल्या नटासाठी. रॅचेटचा दांडा असला, की पुन्हा पुन्हा काढून लावावा लागत नाही. मोटार आणि ट्रॅक्टर दोन्हींसाठी अर्धा इंची चौकोनाच्या गोट्या घ्याव्यात. मात्र जाम झालेला नट रॅचेटने सोडवू नये, आतले दाते तुटतात. त्याला साधा सरळ दांडा वापरावा.

स्क्रू पाना सर्व मापांना लागतो, म्हणून पुष्कळांच्या घरी तोच एकटा असतो. पण तो अडीअडचणीचा सोबती, रोजचा नव्हे. वापरायचाच झाला तर जबडा नटाला घट्ट बसवून घ्यावा आणि जोर न हलणाऱ्या जबड्यावर येईल अशा बाजूने ओढावे. पक्कड तर नटाला लावूच नये. ती तार धरायला आणि पीळ द्यायला आहे.

पहिली खरेदी

एकदम सारे घेण्याची गरज नाही. या सुगीला थोडे, पुढच्या सुगीला थोडे, असे घ्यावे. पहिल्या खेपेला एवढे पुरे:

१. दुतोंडी फिक्स पाने: १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९.
२. त्याच मापांचे रिंग पाने.
३. गाडीच्या चाकाला नेमका बसणारा, लांब दांड्याचा चाक-पाना.
४. धडका जॅक, त्याचा दांडा, आणि खाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी.
५. पेचकस: एक चपटा, एक फुलीचा. फुलीचा २ नंबरचा सर्वांत जास्त लागतो.
६. एक पक्कड आणि एक स्क्रू पाना.
७. टायरमधली हवा मोजायचा गेज.
८. बॅटरीवर चालणारा दिवा, शक्यतो डोक्याला बांधायचा. दोन्ही हात मोकळे राहतात.
९. जुने सुती कापड, तारेचा ब्रश, गंज सोडवायचे तेल, चिकटपट्टी, जास्तीचे फ्यूज.

दुसऱ्या खेपेला गोट्यांचा लहान संच, ॲलन पाने, हातोडी, कानस आणि गाडी टेकवायचे दोन लोखंडी घोडे घ्यावेत. गाडी जुनी पेट्रोलची असेल तर प्लग पानाही घ्यावा. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, हे चैनीचे नसले तरी पहिल्या खरेदीचे हत्यार नव्हे.

चांगला पाना ओळखावा कसा?

नाशिकची हत्यारे आपल्या घरची. जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातले नागौर हीही हत्यारांसाठी नाव असलेली गावे. तिथे उत्तम माल होतो, आणि नावाची नक्कल केलेला हलका मालही बाजारात येतो. म्हणून ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊन घ्यावे. पाना ठोकून घडवलेला असावा, ओतीव नसावा. त्यावर कारखान्याचे नाव आणि माप खोल, स्वच्छ कोरलेले असावे. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा असल्यास उत्तम. तोंडाच्या दोन्ही बाजू समांतर आहेत का, मुलामा कुठे फुगलेला किंवा सोललेला नाही ना, हे उजेडात बघावे. सोबत घरचा एखादा नट न्यावा आणि दुकानातच लावून बघावा. डगमगला तर परत ठेवावा. चकाकी पाहून घेऊ नये, पकड पाहून घ्यावा.

हात आणि जीव सांभाळा

हत्यार चांगले असले तरी रीत चुकली, तर ते घात करते. पुढच्या गोष्टी घरात सर्वांना वाचून दाखवा.

पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. ढकलताना निसटला तर बोटांची सालटी निघतात. ढकलावाच लागला तर तळहात उघडा ठेवून ढकलावा. जाम नटाला पान्यामागे पाईप घालून जोर करू नये. गंज सोडवायचे तेल टाकून काही वेळ थांबावे, मग पुन्हा बघावे.

चाक बदलताना जागा सपाट आणि टणक असावी. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला अटकाव लावावा, माणसे खाली उतरवावीत. नट आधी थोडे सैल करावेत, मगच गाडी उचलावी. बसवताना नट तिरप्या जोडीने, समोरासमोरचे आवळावेत, आणि शेवटचा आवळ चाक जमिनीला टेकल्यावर द्यावा. लहान मोटारीच्या चाकाला साधारण १०० न्यूटन-मीटर जोर पुरतो, म्हणजे फूटभर दांड्याच्या टोकाला सुमारे ३३ किलोचा भार. पान्यावर उभे राहून उड्या मारण्याची गरज नाही. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर नट एकदा पुन्हा तपासावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. क्षणभरही नाही, हात घालून पडलेला नट काढायलाही नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नसतो. खाली लोखंडी घोडे लावावेत. विटा आणि दगड लावू नयेत, ते भाराखाली फुटतात.

बॅटरीला हात लावण्याआधी अंगठी, कडे, धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. बॉडीला जोडलेली तार आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. हल्लीच्या गाड्यांत ती उणे बाजूची असते. उलट केले आणि पाना बॉडीला लागला, तर मोठी ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो. विडी-काडी लांबच. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, मफलर पट्ट्यांपासून दूर असावेत.

कुठे थांबावे?

घरच्या कामाला शीव असते. ब्रेक आणि स्टिअरिंग उघडू नये. गॅसच्या गाडीची नळी किंवा टाकी उघडू नये. एअरबॅगच्या जोडणीला हात लावू नये. विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी तारांमध्ये जीवघेणा दाब असतो, त्यांच्याजवळही जाऊ नये. नव्या डिझेल गाड्यांच्या इंजेक्टरच्या नळ्यांतला दाब इतका असतो, की सुईएवढी धारही कातडीतून आत शिरते. जुन्या ट्रॅक्टरची हवा काढायची सवय तिथे लावू नये. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत कळेनासा दिवा लागला, तर पाना बाजूला ठेवून यंत्र जोडून बघणाऱ्याकडे जावे. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर ठरलेली सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करावी. घरी ऑइल बदलले, तर जुने ऑइल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजला द्यावे.

हत्यारांची निगा

जाड कापडाची, कप्पे शिवलेली गुंडाळी घरीच होते. प्रत्येक कप्प्यावर माप लिहावे. रिकामा कप्पा दिसला, की काय राहिले ते लगेच कळते. काम झाल्यावर पाने पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवावेत. घरच्या हत्यारांना एकाच रंगाचा पट्टा मारावा. शेजारधर्माने द्यावीत, पण वहीत नोंद करूनच. फिक्स पान्याचे तोंड पसरले, तर तो नटाला पुन्हा लावू नये. दहा रुपयांच्या मोहापायी शंभराचा नट जातो.

खंडेनवमीला आपण विळा, कोयता, कुऱ्हाड धुऊन पुसून पुजतो. यंदा त्या ओळीत पानेही मांडावेत. मात्र हळद-कुंकू लावण्याआधी ते मोजावेत, तेल लावावे, स्टेपनीची हवा बघावी, आणि घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याने एकदा अंगणात चाक काढून पुन्हा बसवावे. एरवी ते आडरस्त्यावर, अंधारात शिकावे लागते.